चाळीस फुटांवर थांबलेली भिंत

पावसाळ्यात कोल्हापूरकराला कुठेही गाठा, दोन गोष्टी तो हमखास विचारतो. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर आले आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले? माझे आजोबा तर यातला दुसरा प्रश्न जेवणाच्या ताटावर बसल्यावरही विचारत. भोगावतीच्या काठी आमची तीन एकर जमीन. नदी भरली की काळजी आणि आटली की त्याहून जास्त काळजी. त्यामुळे वर डोंगरात उभ्या असलेल्या त्या धरणाशी आमच्या घराचे नाते एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकाशी असावे तसे होते. आजोबा धरणाला धरण म्हणत नसत. ते म्हणत, महाराजांचा तलाव.

लहानपणी मला वाटे, महाराज म्हणजे शहरात दसरा चौकात पुतळा आहे, ज्यांच्या नावाने शाळेत २६ जूनला भाषणे होतात, ते. वसतिगृहे काढणारे, मागासलेल्यांना नोकऱ्यांत जागा राखून ठेवणारे, कुस्तीवर जीव टाकणारे राजर्षी शाहू. या सगळ्यात शेत कुठे येते हे मला बऱ्याच उशिरा कळले. ते कळण्याचे निमित्तही घरचेच. आमचे गुऱ्हाळ बंद करायचे ठरले तेव्हा घरात बरीच बोलाचाली झाली. पुतण्याचे म्हणणे असे, की शेतीत सरकार नको तिथे येते आणि हवे तिथे येत नाही. चुलत्यांचे म्हणणे, सरकार नसते तर आपल्या रानात पाणीच आले नसते. दोघेही खरेच बोलत होते. त्या दिवसापासून मी शाहू महाराजांचे चरित्र नव्याने वाचू लागलो, शेतकऱ्याच्या बाजूने.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटग्यांच्या घरातला. मूळ नाव यशवंतराव. कोल्हापूरची गादी रिकामी होती. १७ मार्च १८८४ रोजी चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि दहा वर्षेही पुरी न झालेला हा मुलगा छत्रपती झाला. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. तेव्हा त्यांचे वय वीस वर्षेही पुरते झालेले नव्हते.

आपण राज्य म्हणतो, पण ते संस्थान होते. डोक्यावर इंग्रजांचा रेसिडेंट किंवा पोलिटिकल एजंट होता. फौज ठेवायची नाही, परराष्ट्राशी बोलायचे नाही, पैशाचे मोठे निर्णय विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. मग राजाला करण्यासारखे उरते काय? बऱ्याच संस्थानिकांनी या प्रश्नाचे उत्तर शिकार, मेजवान्या आणि परदेशच्या सफरी यांत शोधले. महाराजांनाही शिकारीचा शौक होताच. पण रयतेच्या पोटापाण्याचा कारभार हा आपल्या हातात उरलेला खरा कारभार आहे, हे त्यांनी फार लवकर ओळखले.

गादीवर बसल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवायला घेतली. त्यापूर्वी चारच वर्षे आधी, १८९१ मध्ये, मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी आली होती. स्टेशनाजवळची जागा व्यापाऱ्यांना द्यायची, पेठ उभी करायची आणि संस्थानातला गूळ तिथून बाहेर जाऊ द्यायचा, अशी ती योजना. आज आपण शाहूपुरीतून रिक्षाने जातो तेव्हा ही पेठ कुणीतरी विचार करून मांडली आहे हे ध्यानातही येत नाही. पण त्या काळच्या शेतकऱ्याचा विचार करा. उसाचा रस काढून, चुलवाणापाशी रात्र रात्र जागून, काहिलीतला पाक उतरवून गूळ केला, तरी तो विकायचा कुठे? गावातल्याच सावकाराला, त्याच्याच वजनाने, त्याच्याच भावाने. पेठ झाली म्हणजे दहा गिऱ्हाइके समोर आली. भाव चढला तर शेतकऱ्याला निदान कळले तरी. पुढे १९१७ मध्ये वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले तेव्हाही डोळ्यापुढे व्यापारपेठच होती.

माझ्या आजोबांच्या आठवणीतला दिवाळीचा पाडवा म्हणजे शाहूपुरीतला गुळाचा सौदा. बैलगाडीतून रवे न्यायचे, अडत्याच्या दुकानापुढे उतरवायचे आणि मुहूर्ताचा भाव काय फुटतो हे ऐकायला कान टवकारून उभे राहायचे. त्या गर्दीतून परत येताना मुलांसाठी चिरमुरे आणि फुटाणे. आमच्या घरातली कितीतरी लग्ने त्या पाडव्याच्या भावावर ठरली.

पण पेठेचे सुख मिळण्याआधीच दुष्काळ आला. १८९६ साली पावसाने पाठ फिरवली. महाराज अवघे बावीस वर्षांचे होते. कागदावरचे अहवाल वाचत राजवाड्यात न बसता ते घोड्यावरून डोंगरी मुलखात फिरले. धान्य आहे, पण ते महाग भावाने बाहेर चालले आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी व्यापाऱ्यांना बोलावून स्वस्त धान्याची दुकाने उघडायला लावली आणि त्यात येणारी तूट दरबारने सोसली. रस्त्यांची, तलावांची कामे काढून लोकांना मजुरी दिली. जनावरांसाठी संस्थानची राखीव जंगले चराईला मोकळी केली. दुष्काळी कामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोयही त्यांनी केली. दुष्काळाच्या पाठोपाठ प्लेग आला, मग पुन्हा १८९९ चा दुष्काळ. शतक संपत आले तेव्हा या तरुण राजाने राज्यकारभाराची जी शाळा पाहिली होती ती फ्रेझरसाहेबाच्या शाळेपेक्षा पुष्कळ कठीण होती.

या अनुभवातून १९०२ चे पाटबंधारे धोरण निघाले. हे वर्ष आपल्याला दुसऱ्याच कारणाने पाठ असते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. पण त्याच वर्षी त्यांनी संस्थानातल्या विहिरी आणि तलावांची पाहणी करून पाण्याची शिस्तशीर योजना आखायला घेतली, हे आपण विसरतो. कुठे जुना तलाव दुरुस्त होईल, कुठे नवा बांधता येईल, कुठे विहिरीला तगाई द्यावी याचा विचार सुरू झाला. दुष्काळात धान्य वाटणे ही दया झाली. दुष्काळ येण्याआधी पाणी अडवणे हा कारभार. महाराजांच्या मनात या दोन गोष्टींतला फरक पक्का झाला होता असे त्यांच्या पुढच्या वीस वर्षांवरून दिसते.

हा विचार महाराष्ट्रात त्यापूर्वीही मांडला गेला होता. महात्मा फुले यांनी १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात शेतकऱ्याच्या दैन्याचे नुसते वर्णन नाही. तळी-धरणे बांधा, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्या, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा, असे उपायही त्यांनी सरकारला सुचवले होते. सरकारने त्यांतले फारसे काही मनावर घेतले नाही. वीस-पंचवीस वर्षांनी एका छोट्या संस्थानाच्या राजाने त्यातल्या एकेका सूचनेला हात घातला.

आता राधानगरी. १९०७ मध्ये महाराजांनी भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याचा निर्णय घेतला. सह्याद्रीचा तो भाग म्हणजे पावसाचे माहेर. चार महिने आभाळ फाटल्यासारखे कोसळते आणि फेब्रुवारीत खाली नदीच्या पात्रातून माणूस चालत जाऊ शकतो. हे पाणी वर अडवून उन्हाळ्यात खाली सोडायचे, त्यावर वीजही करायची, असा विचार होता. १९०८ मध्ये तिथे नवे गाव वसले. कन्या राधाबाई यांचे नाव गावाला आणि राणीसाहेब लक्ष्मीबाई यांचे नाव तलावाला दिले. दाजीराव विचारे यांच्यासारखे अभियंते कामाला लागले. रस्ते नाहीत, यंत्रे नाहीत, हिंवताप मात्र भरपूर. अशा रानात दगडाची भिंत चढू लागली.

एका संस्थानाच्या तिजोरीला हे काम झेपण्यासारखे नव्हते. तरी दहा वर्षे ते रेटले. सुमारे चौदा लाख रुपये खर्च झाले आणि भिंत चाळीस फुटांवर आली. तोवर पहिले महायुद्ध येऊन गेले होते, माल महागला होता, पैसा संपला होता. १९१८ मध्ये काम थांबले. त्यानंतर चार वर्षांनी महाराज गेले. पुरे धरण त्यांनी पाहिले नाही.

मला महाराजांच्या साऱ्या चरित्रात ही चाळीस फुटांची भिंत फार जवळची वाटते. यशाच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात. पण आपल्या हयातीत पुरे होणार नाही हे दिसत असताना पाया रुंद ठेवणे, पुढच्या माणसाला उंची वाढवता येईल असे काम करून ठेवणे, हे फार थोड्यांना जमते. पुढे राजाराम महाराजांच्या काळात काम पुन्हा सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतर, संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्यावर, ते पुरे झाले. आज त्या तलावात ८.३६ टीएमसी पाणी मावते. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आहेत. आजोबा जेवताना विचारत ते हेच दरवाजे.

धरणाचे काम चालू असतानाच महाराजांचे इतर उद्योगही सुरूच होते. कापूस पिकतो तर त्याचे सूत इथेच निघावे म्हणून १९०६ मध्ये शाहू छत्रपती गिरणी काढली. १९१२ मध्ये किंग एडवर्ड यांच्या नावाने शेतकी संस्था काढली आणि तिथे सुधारलेली अवजारे शेतकऱ्यांना पाहायला ठेवली. त्यांनी शेतीची आणि जनावरांची प्रदर्शने भरवली आणि पन्हाळ्याच्या थंड हवेत चहाचे मळे लावून पाहिले. चहा टिकला नाही. पण करून पाहायला हरकत नाही, फसले तर दरबारचे फसेल, शेतकऱ्याचे नव्हे, हा त्यातला विचार मला आवडतो. नव्या पिकाचा जुगार गरिबाने का खेळावा?

किर्लोस्करांच्या नांगराची हकिकत तर आमच्याकडे आवडीने सांगतात. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना अडचणीत आला. तेव्हा महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा त्यांना देऊन टाकल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. शिवछत्रपतींच्या वंशातल्या राजाने तोफा मोडीत काढायच्या, हे त्या काळी काहींना रुचले नसेल. पण गंजत पडलेल्या तोफेपेक्षा रानात चालणारा नांगर बरा, एवढा साधा हिशोब त्यात होता.

कर्जाच्या बाबतीतही तेच. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. वह्या जाळून कर्ज संपत नाही, हे नंतर सगळ्यांनाच कळले. १९१२ मध्ये इंग्रज सरकारचा सहकारी संस्थांचा नवा कायदा झाला आणि लगेच पुढच्या वर्षी कोल्हापूर संस्थानानेही तशी सोय केली. कोल्हापूर अर्बन बँकेचा जन्म १९१३ चा. आपल्या जिल्ह्यात आज गल्लोगल्ली पतपेढ्या, गावोगाव सेवा सोसायट्या, दूध संघ, साखर कारखाने दिसतात. त्यांचे गुणदोष आपण रोज पाहतो. पण या झाडाची पहिली मुळी त्या वर्षांत रुजली.

एक गोष्ट मात्र सहसा शेतीच्या खात्यावर मांडली जात नाही. १९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतनेही रद्द झाली आणि वतनाची जमीन त्या माणसांच्या नावावर रयतावा म्हणून लागली. शेतकऱ्याला सरकार भेटते ते राजवाड्यात नाही, चावडीवर भेटते. जमिनीचा कागद ज्याच्या हातात, त्याच्या मर्जीवर कुणब्याचे जगणे. हा कागद वंशपरंपरेने एकाच घरात राहू नये, असे करणे म्हणजे धरणाइतकेच मोठे काम होते, आणि त्यासाठी महाराजांना शिव्याशापही धरणापेक्षा जास्त मिळाले. वतनातून सुटलेल्या माणसाला गावच्या फुकट राबणुकीतून मोकळे होऊन स्वतःचे रान कसता येऊ लागले. शिवाय १९१७ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. कागद वाचता आला तरच कागदाचा धाक जातो.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते. अठ्ठावीस वर्षांची कारकीर्द.

हे सगळे लिहिताना मी त्यांना देव्हाऱ्यात बसवू इच्छित नाही. ते राजे होते. त्यांच्या राज्यात शेतसारा होता, तो भरावाच लागे. धरण म्हटले की कुणाची तरी जमीन पाण्याखाली जातेच आणि ज्यांची गेली त्यांच्या वेदना गौरवग्रंथांत सापडत नाहीत. शिवाय राजा चांगला निघाला म्हणून रयतेचे बरे झाले, ही काही कायमची व्यवस्था नव्हे. उद्याचा राजा तसा निघाला नाही तर? म्हणून तर आपण मतपेटी आणली.

पण मतपेटी आल्यावर सरकार शेतात किती खोलवर आले ते पाहा. १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा झाला. उसाला किमान भाव ठरू लागला, २००९ पासून त्याला एफआरपी म्हणू लागले. साखर कुठे, किती विकायची यावरही बंधने होती. त्यातली लेव्ही २०१३ मध्ये गेली. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला. २०२० मध्ये केंद्राने तीन शेती कायदे आणले आणि शेतकरी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसल्यावर २०२१ मध्ये ते मागे घेतले. एक बाजू म्हणते सरकारने बाजूला व्हावे, दुसरी म्हणते सरकारने हात सोडू नये. आमच्या घरात गुऱ्हाळावरून झाला तोच वाद, फक्त मोठ्या अंगणात.

आमच्या गुऱ्हाळाचे सांगायचे तर ते कुणी एकाने बंद पाडले नाही. गुळव्या मिळेना, जळव्या मिळेना, मजुरी परवडेना. गुळाच्या भावाला कुणाची हमी नाही आणि उसाला मात्र ठरलेला दर. मग ऊस कारखान्याला जाऊ लागला. एका वर्षी बिलासाठी पुतण्याला इतके हेलपाटे घालावे लागले, की त्याने जमीन विकण्याची भाषा काढली. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आमचे चुलवाण थंड होऊन बरीच वर्षे झाली होती.

त्या सुमारास मी पुतण्याला घेऊन राधानगरीला गेलो. भिंतीवरून चालताना मी त्याला महाराजांनी शेतीत काय काय केले ते सांगत होतो. त्याने शांतपणे ऐकले आणि एक गोष्ट काढली ती मला एवढी पुस्तके वाचून सुचली नव्हती. तो म्हणाला, महाराजांनी काय पिकवायचे ते कुणाला सांगितले नाही. पाणी दिले, पेठ दिली, कर्जाची वाट दिली, कागद सोपा केला, शाळा काढली. जे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही तेवढे केले. पीक आणि घाम त्याचा त्याच्याकडे राहू दिला.

मी त्याला दुसरी बाजूही दाखवली. दुष्काळात भाव बाजारावर सोडून महाराज गप्प बसले नव्हते. तेव्हा त्यांनी धान्याच्या दुकानात हात घातला, तूट सोसली. म्हणजे सरकारने कायमचे बाजूला व्हावे असाही धडा यातून निघत नाही. केव्हा पुढे यायचे आणि केव्हा मागे सरायचे हे ओळखायला घोड्यावर बसून डोंगरात जावे लागते. ते आजच्या राज्यकर्त्यांकडून कितपत होते, याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या गावच्या चावडीवर करावा.

जमीन विकली नाही. पुतण्याने निम्म्या रानात ऊस ठेवला आणि निम्म्यात भाजीपाला घेतला. बरे चालले आहे असे म्हणवत नाही, पण चालले आहे. २०१९ च्या महापुरात सगळे वाहून गेले तेव्हाही त्याने पुन्हा सरी सोडली. परवा पावसाची झड लागली होती. रात्री जेवताना त्याच्या सात वर्षांच्या मुलीने ताटावरून मान वर केली आणि विचारले, राधानगरीचे किती दरवाजे उघडले?